लिव्हरला सवयी कुठून लागतात? जन्माआधीच्या हार्मोन्सची गोष्ट

गोव्यात लिव्हरचा विषय निघाला की बोलणं सरळ फेणीवर जातं. 'पीत नाहीस ना? मग तुला कसलं लिव्हरचं दुखणं!' असं म्हणून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठेही सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असा शेरा मिळणाऱ्यांत दारूचा थेंब न चाखलेल्या बायका असतात, सोमवारी-गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणारे असतात, आणि अंगाने काटकुळे म्हणावेत असे तिशीतले मुलगेही असतात. वजनकाट्यावर सगळं ठीक, यकृतात मात्र चरबी.

त्यांना मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. भात कमी करा, गोड सोडा, चाला. उत्तरं बरोबरच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण एकाच कुंडल्यातली हुमण-कढी जेवून वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाच्याच यकृतात चरबी का साचावी, याचं उत्तर त्यात मिळत नाही. जनुकं हा उत्तराचा एक भाग. दुसरा भाग गेल्या तीस-चाळीस वर्षांत हळूहळू उलगडत गेला. तो माणूस आईच्या पोटात असताना त्याच्या यकृतापर्यंत कोणती हार्मोन्स पोचली, किती पोचली आणि कितव्या आठवड्यात पोचली, यावरही पुढचं बरंच अवलंबून असतं.

गोवेकरांनी या भानगडीत लक्ष घालावं याला कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण निघालं 11.4 टक्के, आणि गोव्यात 26.4 टक्के. सगळ्या राज्यांत आपण पहिले. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. मधुमेह आणि फॅटी लिव्हर ही दुखणी एकमेकांचा हात धरूनच येतात. त्यामुळे राज्यात आज ज्या मुलींना दिवस जात आहेत त्यांच्या साखरेचा, म्हणजे पर्यायाने त्यांच्या बाळांच्या यकृताचा, प्रश्न इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त घरांत आहे.

यकृत रात्रभर काय करतं

रात्री नऊला जेवून तुम्ही सकाळी सातला उपाशीपोटी रक्त द्यायला जाता. मधल्या दहा तासांत पोटात काही गेलेलं नसतं, तरी रक्तात साखर असते. ती यकृत पुरवतं. आधी स्वतःजवळचा साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, मोडून, आणि ते संपत आलं की प्रथिनांचे तुकडे, लॅक्टेट, ग्लिसरॉल अशा मिळेल त्या मालापासून नवी साखर बनवून. या नव्या साखरेच्या कामात एक एन्झाइम मोक्याच्या जागी आहे. त्याचं पूर्ण नाव वाचताना जीभ वळणार नाही, सगळे त्याला पेपसीके म्हणतात. ते पुढे लागणार आहे.

जेवलात की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. त्याचा यकृताला निरोप दुहेरी असतो. साखर बनवणं थांबव, आणि आलेल्या जादा साखरेची चरबी करून ठेव. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं झालं की गंमत अशी होते की निरोपाचा पहिला अर्धा भाग ते ऐकत नाही, पण दुसरा ऐकत राहतं. साखर बनवणं चालू आणि चरबी करणंही चालू. मग उपाशीपोटीची साखर चढते, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात आणि यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब दिसू लागतात. असे थेंब पाच टक्क्यांहून जास्त पेशींत दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणायचं, अशी डॉक्टरांची रूढ मोजणी आहे.

पोटातल्या बाळाच्या यकृताला यातलं जवळपास काहीच करावं लागत नाही. साखर आईकडून तयार येते. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत तर बाळाचं यकृत हा मुख्यतः रक्तपेशी बनवण्याचा कारखाना असतो. दिवस भरत आले की बाळाच्या स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढू लागतं आणि त्या इशाऱ्यावर यकृत तयारीला लागतं. ग्लायकोजेन भरून ठेवतं, साखर बनवणारी एन्झाइमं जागी होऊ लागतात. कारण नाळ कापली की तासाभरात स्वतःची साखर स्वतः सांभाळायची वेळ येणार असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. यकृताला 'आता हे काम शीक' असं सांगणारा इशाराच मुळी हार्मोनचा आहे. तो ठरल्या वेळेआधी आला, किंवा गरजेपेक्षा जोरात आला, तर शिकणंही वेगळं होतं. शिवाय रक्ताची वाटही अशी की वारेतून (प्लॅसेंटातून) नाळेच्या शिरेने आलेल्या रक्तातलं निम्म्याहून जास्त रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून फिरून जातं. म्हणजे आईकडून जे काही येतं ते आधी यकृताला भेटतं.

वारेतला चेकनाका

आईच्या रक्तात कॉर्टिसॉल भरपूर असतं. गर्भारपणात तर ते आणखी वाढतं. बाळाच्या रक्तात मात्र ते आईच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाइतकंच सापडतं. मधे वार आहे, आणि वारेत एक एन्झाइम बसलेलं आहे. अकरा-बीटा-एचएसडी-टू असं त्याचं अवघड नाव. राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर पलीकडून येणारी गाडी जशी बाजूला घेऊन तपासतात, तसं हे एन्झाइम आईकडून येणारं कॉर्टिसॉल अडवतं आणि त्याचं निरुपद्रवी कॉर्टिसोन करून पुढे सोडतं. बहुतेक माल अडतो, थोडा निसटतो.

नाका ढिला पडला तर काय होईल, असा प्रश्न एडिनबरोच्या जोनाथन सेकल, ख्रिस्तोफर एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये विचारला. कमी वजनाची बाळं आणि त्यांना मोठेपणी होणारे हृदयाचे, साखरेचे विकार यांच्या मुळाशी हा ढिला नाका असू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच गटाने उंदरांवर प्रयोग केला. उंदरीण जेमतेम तीन आठवडे गाभण असते. काही उंदरिणींना शेवटच्या आठवड्यात डेक्सामेथासोन दिलं. हे कॉर्टिसॉलच्या घराण्यातलंच औषध, पण वारेतल्या एन्झाइमची त्याच्यावर फारशी मात्रा चालत नाही, त्यामुळे ते सरळ पिल्लापर्यंत जातं. 1998 मध्ये छापलेला निकाल असा. पिल्लं कमी वजनाची जन्मली. मोठी झाल्यावर त्यांना साखर पेलवेना. आणि त्यांच्या यकृतात पेपसीके कायमचं चढलेलं होतं. औषध बंद होऊन उंदराच्या हिशेबाने जमाना लोटला होता, तरी यकृत साखर बनवण्याच्या कामाला गरजेपेक्षा जास्त जुंपलेलंच होतं.

मला या प्रयोगातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो वेगळाच. तेच औषध गर्भारपणाच्या आधीच्या आठवड्यांत दिलं तर हे घडलं नाही. मात्रेइतकाच, कदाचित जास्तच, मुहूर्त महत्त्वाचा. यकृताच्या शिकण्याची एक खिडकी असते. ती उघडी असताना जे आत येतं ते मुरतं.

ज्येष्ठमधाचा विषय इथेच काढतो, कारण आपल्या घरात तो असतो. त्यातलं ग्लिसरायझिन नेमकं याच एन्झाइमला रोखतं. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची काळी, खारट-गोड मिठाई लोक आवडीने खातात. तिथे गरोदर बायकांना ती टाळायला सांगतात. घसा बसला म्हणून एखाद्या दिवशी चघळलेल्या कांडीचा बाऊ करू नका. पण गरोदरपणात रोजच्या रोज ज्येष्ठमधाचा काढा किंवा चूर्ण चालू असेल, तर 'ते तर घरचंच आहे' म्हणून गप्प बसू नये. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगावं.

आणि एक गोष्ट मोठ्याने सांगतो, नाहीतर या लेखाचा भलताच अर्थ निघेल. दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची चिन्हं दिसली तर आईला डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती द्यायलाच हवीत. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना वेळेआधी जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा चांगली श्वास घेताना दिसली, त्यावरून त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी माणसांत चाचणी घेतली आणि 1972 मध्ये निकाल छापला. तेव्हापासून या इंजेक्शनांनी किती बाळांची फुप्फुसं वेळेवर तयार केली याची गणती नाही. ऑकलंडच्या त्या चाचणीतली बाळं तिशीत आल्यावर त्यांना पुन्हा तपासलं. साखर पाजल्यावर अर्ध्या तासाने त्यांचं इन्सुलिन किंचित जास्त चढत होतं. मधुमेहाचं प्रमाण मात्र जास्त नव्हतं. म्हणजे खूण राहिली, पण पुसट. ती बघून कुणी इंजेक्शन नाकारणार असेल तर तो शुद्ध वेडेपणा.

टेस्टोस्टेरॉन आणि मेंढ्या

आता दुसरं हार्मोन. पीसीओएस हा शब्द आज घरोघरी माहीत आहे. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, वजन वाढतं, दिवस राहायला वेळ लागतो. त्यात टेस्टोस्टेरॉनसारखी 'पुरुषी' म्हणवणारी हार्मोन्स चढलेली असतात. बाईच्या शरीरात ती असतातच, पण थोडी. पीसीओएस असलेल्या बायकांत फॅटी लिव्हर जास्त आढळतं, आणि ते नुसतं वजनामुळे असं म्हणून भागत नाही.

मिशिगन विद्यापीठात वसंता पद्मनाभन यांच्या गटाने यासाठी मेंढ्या घेतल्या. मेंढी सुमारे 147 दिवस गाभण असते. तिसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत, आठवड्यातून दोनदा, तिला टेस्टोस्टेरॉन टोचायचं आणि मग तिच्या माद्या कोकरांना नुसतं वाढू द्यायचं. त्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्यात पीसीओएससारखं चित्र दिसलं. माजाची चक्रं बिघडलेली, इन्सुलिनची दाद कमी, आणि चरबी जिथे साचू नये तिथे, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत, साचलेली. चारा तोच, कुरण तेच. फरक होता तो जन्माआधीच्या त्या साठ दिवसांचा. एडिनबरोच्या मेंढ्यांत पुढे असंही दिसलं की नर कोकरं यातून सुटत नाहीत. त्यांचाही चयापचय मोठेपणी बिघडतो. पीसीओएस हा बायकांचा विषय म्हणून मुलग्यांकडे कुणी बराच काळ बघितलंच नव्हतं.

मेंढीवरून थेट माणसावर उडी मारता येत नाही. माणसाच्या वारेत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम जोमाने काम करतं. आईकडून येणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचं ते इस्ट्रोजेन करून टाकतं. शिवाय मेंढ्यांना दिलेली मात्रा दांडगी होती. पण बंदोबस्त चोख असला तरी अभेद्य नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या 2019 च्या अभ्यासात, पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींना पीसीओएस होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट दिसली. त्यात जनुकांचा वाटा किती आणि पोटातल्या हार्मोन्सचा किती, हे नुसत्या नोंदींवरून वेगळं काढता येत नाही. म्हणून तर मेंढ्या आणि उंदीर लागतात.

यकृताला हात न लावता

स्वीडनमधलाच एक जुना शोध मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. तो फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उंदराच्या नराचं आणि मादीचं यकृत एकसारखं काम करत नाही. हार्मोन्स आणि औषधं मोडणारी काही एन्झाइमं नराच्या यकृतात जास्त, काही मादीच्या. हे फरक इतके ठळक की नुसत्या यकृताच्या तुकड्यावरून नर की मादी ते सांगता येतं. वाटेल की नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आहे म्हणून त्याचं यकृत तसं. पण 1970 च्या दशकात यान-ओके गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयात नरांचे वृषण काढून बघितले. जन्मल्याजन्मल्या काढले तर तो उंदीर मोठा झाल्यावर त्याचं यकृत मादीच्या वळणाचं निघे. तेच मोठेपणी काढले तर नराचं वळण बऱ्याच अंशी टिकून राही. उंदराचं पिल्लू फार अपुऱ्या अवस्थेत जन्मतं. त्याचे जन्मानंतरचे पहिले काही दिवस म्हणजे माणसाच्या पोटातल्या दिवसांसारखेच. त्या थोड्या दिवसांत टेस्टोस्टेरॉन येऊन गेलं की झालं. नंतर ते असो वा नसो, यकृत त्याच वळणाने चालतं.

पुढे कळलं की त्या टेस्टोस्टेरॉनचा ठसा मुख्यतः मेंदूवर उमटला होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं हार्मोन सुटतं. नर उंदरात ते दर तीन-साडेतीन तासांनी एकदम उसळतं आणि मधे जवळपास शून्यावर येतं. मादीत ते थोडं थोडं, सतत झिरपत राहतं. यकृत हा ताल ओळखतं आणि त्याप्रमाणे एन्झाइमं बनवतं. बाळपणी आलेल्या टेस्टोस्टेरॉनने हा तालच ठरवून टाकला होता. म्हणजे यकृताचा पुढचा सगळा कारभार ठरला तो डोक्यात, आणि तोही प्राणी धड डोळे उघडायच्या आत.

माणसात स्त्री-पुरुषांच्या यकृतांतला फरक इतका ठसठशीत नाही, पण आहे. फॅटी लिव्हर पुरुषांत जास्त आणि बायकांत पाळी गेल्यावर वाढतं, हे डॉक्टर रोज बघतात. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की 'लिव्हरचा बिघाड' दिसला म्हणून मूळ लिव्हरमध्येच असेल असं नाही.

बाळाचं स्वतःचं इन्सुलिन

गोव्यासाठी सगळ्यात जवळचा प्रश्न मात्र इन्सुलिनचाच. आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन ओलांडत नाही. डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी 1950 च्या दशकातच हे सूत्र मांडलं. आईची साखर चढली की बाळाकडे जादा साखर येते आणि बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवून ती निस्तरतं. इन्सुलिन हे पोटातल्या बाळासाठी वाढीचं हार्मोनच असल्याने बाळ थोराड होतं, आणि जादा साखरेची चरबी यकृतातही जाते. स्थूल आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या आयांच्या नवजात बाळांचं एमआरआय केल्यावर, जन्मल्यापासून काही आठवड्यांच्या आतच त्यांच्या यकृतात इतर बाळांपेक्षा जास्त चरबी दिसली आहे. त्या वयात कसला आळस आणि कसलं तळलेलं खाणं!

प्रसूतिकक्षात याचा पुरावा रोज दिसतो. नाळ कापली, आईकडची साखर बंद झाली, पण बाळाचं इन्सुलिन अजून चढलेलंच. मग बाळाची साखर झपकन उतरते. म्हणून अशा बाळाच्या टाचेला टोचून तासा-दोन तासांनी थेंब घेतात. आजी कळवळून म्हणते, 'अगो, एवढ्याशा जिवाला कितीदा टोचता?' नर्स टाच चोळून कोमट करते, थेंब पट्टीवर घेते आणि बाळाला आईच्या अंगावर लावते. लगेच पाजणं हाच पहिला उपाय.

कमी वजनाच्या बाळाची गोष्ट याच्या उलट वाटते, पण शेवटी त्याच गावाला जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं सगळीकडून लहान, हाडापेराने, स्नायूंनी, पोटाने. फक्त कातडीखालची चरबी त्या मानाने टिकवून. आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन गोऱ्या बाळांपेक्षा जास्त. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. वर म्हटलेले काटकुळे मुलगे कुठून येतात त्याचा धागा इथे लागतो.

रिपोर्टमधला 'एसी'

आमच्या भाचीने आठव्या महिन्यातला सोनोग्राफीचा कागद पुढे धरून विचारलं, 'मामा, बाळाचा एसी अठ्ठावीस म्हणजे काय? गारठलंय की काय ते?' हसायला झालं, पण प्रश्न चांगला होता. त्या कागदावर डोक्याचं माप असतं, मांडीच्या हाडाचं असतं आणि एसी म्हणजे पोटाचा घेर असतो. तो घेर जिथे घेतात तिथे पडद्यावर मुख्यतः बाळाचं यकृत असतं, आणि त्यात शिरणारी नाळेची शीर दिसते. म्हणजे आईबाप 'सगळं नॉर्मल ना?' म्हणून घडी घालून ठेवतात त्या कागदावर यकृताच्या वाढीची एक नोंदच असते.

डेव्हिड बार्कर या इंग्लिश डॉक्टरने या मापाचं महत्त्व ओळखलं. शेफिल्डच्या एका प्रसूतिगृहात पूर्वीच्या सुईणींनी प्रत्येक बाळाच्या पोटाचा घेर फितीने मोजून वहीत लिहिलेला होता. ती बाळं पन्नाशीत आल्यावर बार्कर आणि सहकाऱ्यांनी त्यांचं कोलेस्टेरॉल तपासलं. जन्माच्या वेळी ज्यांच्या पोटाचा घेर लहान होता त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं. पोषण कमी पडलं की बाळ रक्त आधी मेंदूकडे वळवतं आणि यकृताच्या वाट्याला कमी येतं; त्याची वाढ मागे राहते. कोलेस्टेरॉलचा हिशेब पुढे तेच यकृत ठेवणार असतं.

ही आठवण पेशीत राहते कशी? जनुकं बदलत नाहीत, पण त्यांच्यावर मिथाइलसारख्या रासायनिक खुणा बसतात किंवा उठतात, आणि त्यामुळे जनुक किती बोलेल ते ठरतं. गाभण उंदरिणीला प्रथिनं कमी दिली तर पिल्लांच्या यकृतातल्या अशा खुणा बदलतात, आणि त्याच खाण्यात फॉलिक ॲसिड वाढवलं तर बदलत नाहीत, हे साउदॅम्प्टनच्या गटाने 2005 मध्ये दाखवलं. यावरून लगेच कुणी स्वतःच्या मनाने गोळ्यांचा डोस वाढवू नये. पण खूण बसते तशी ती टाळताही येते, एवढं त्यातून दिसतं.

मग करायचं काय

आधी काय करू नये ते. आईला जबाबदार धरू नये. 'तू पोटुशी असताना फार ताण घेतलास म्हणून पोराला साखर', असली वाक्यं सासरमाहेरी सहज फेकली जातात, आणि वर सांगितलेल्या एकाही प्रयोगाचा तसा अर्थ निघत नाही. जन्माआधीचं हार्मोन हे एक वजन आहे, तराजूत नंतर बरीच वजनं पडतात. ज्याचं यकृत जन्मापासून थोडं हट्टी आहे, त्याला चालण्याचा आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा उपयोग इतरांपेक्षा कमी होतो असं मुळीच नाही. उलट त्याने ते तिशीतच सुरू करावं, पन्नाशीची वाट बघू नये.

डॉक्टरांकडून माझी एक अपेक्षा आहे. साखर, फॅटी लिव्हर किंवा पीसीओएससाठी आलेल्या माणसाला 'घरात कुणाला डायबेटिस?' हे सगळे विचारतात. 'जन्मताना वजन किती होतं? आईला तुमच्या वेळी साखर होती का? नवव्या महिन्याआधी जन्मलात का?' हे क्वचितच कुणी विचारतं. तीन प्रश्नांना अर्धा मिनिटही लागत नाही. अर्थात आपल्याला उत्तरं ठाऊक असली पाहिजेत. हल्ली माता-बाल कार्डावर जन्माचं वजन लिहिलेलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे ते कार्ड पेडण्यात आजीच्या कपाटात आणि पोर वास्कोत, अशी गत असते. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायला काय जातं?

गरोदरपणातल्या साखरेची तपासणी तर सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोजची पुडी पाण्यात विरघळवून प्यायची, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. 140 किंवा त्यापुढे आकडा आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा ठीक निघाली तर 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. पहिली ठीक आली म्हणून दुसरी टाळणाऱ्या बऱ्याच असतात, आणि नेमकी दुसऱ्या वेळीच साखर सापडण्याचा संभव जास्त, कारण वारेची हार्मोन्स उत्तरार्धात आईच्या इन्सुलिनला जास्त विरोध करतात. बहुतेकींना आहार सांभाळून आणि जेवणानंतर चालून भागतं, काहींना औषध लागतं. आईची साखर आटोक्यात राहिली की बाळाच्या स्वादुपिंडाला ओव्हरटाइम करावा लागत नाही.

सगळ्यात जास्त सुटते ती प्रसूतीनंतरची तपासणी. ज्या बाईला गरोदरपणात साखर होती तिने सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन रक्त द्यायचं असतं, कारण तिला स्वतःला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो, आणि पुढच्या खेपेला दिवस राहतील तेव्हा साखर आधीच चढलेली असेल तर दुसऱ्या बाळाच्या यकृताला ती पहिल्या दिवसापासून भेटेल. पण सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, मग बारसं, मग देवदर्शन, आणि साखरेचं सगळे विसरतात. बाळाची सहा आठवड्यांची लस मात्र कुणी चुकवत नाही. त्याच सकाळी, त्याच आरोग्य केंद्रात, बाळाला टोचायला नेताना आईने ग्लुकोजची पुडी बरोबर घ्यावी. दोन तास बसावं लागेल. आजीला सोबत न्यावं, बाळ तिच्या मांडीवर झोपेल.